दोऱ्याचं दुसरं टोक

पन्नाशी ओलांडल्यापासून गजकुमार चौगुले दरवर्षी जास्तच वेगवान होत चालला होता. हौशी शर्यतवाल्यांच्या अख्ख्या क्लबला त्याचं कौतुक होतं. भीती वाटत होती ती फक्त एका माणसाला, त्याच्या बायकोला, आणि तिची भीती कुणी हिशेबात धरत नव्हतं.

राजमतीचं शिरोलीच्या नाक्याजवळ गाड्यांची चाकं सरळ करायचं दुकान होतं. ही विद्या तिला सासऱ्यांनी दिली. पोराला शिकवायचा त्यांनी चार वर्षं प्रयत्न केला. पण पोराला गाडी दुरुस्त करण्यापेक्षा पळवण्यात रस. शेवटी वैतागून त्यांनी सुनेला पान्हा दिला आणि सुनेनं दुकान सांभाळलं. दुकानात लेझरचं यंत्र होतं, गिऱ्हाइकांच्या गाड्या त्यावर लागायच्या. शर्यतीची गाडी मात्र ती सासऱ्यांच्या रीतीनं दोऱ्यावरच लावायची. गाडीच्या दोन्ही अंगांना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोरा ताणायचा आणि दोऱ्यापासून रिमची पुढची कड किती, मागची कड किती, ते पोलादी पट्टीनं मोजायचं. दोन मापांत जेवढा फरक, तेवढं चाकाचं तोंड आत किंवा बाहेर. एका मिलिमीटरनंसुद्धा गाडीचा स्वभाव बदलतो, आणि राजमतीला अर्धा मिलिमीटर नुसत्या नजरेनं दिसायचा.

दोऱ्याचं एक टोक ती पुढे खुंटीला अडकवायची. दुसरं टोक गजकुमार मागे उकिडवा बसून धरायचा आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली तरी तिला नवऱ्याचं बोलणं सगळ्यात जास्त आठवायचं ते गाडीच्या मागून येणारं. तीनेक वर्षांपूर्वी तो दोरा स्थिर राहीना. एकच चाक तीनदा मोजलं की तीन मापं यायची. राजमतीनं आधी पंख्याला दोष दिला, मग नवऱ्याच्या बडबडीला. शेवटी तिनं एक लोखंडी स्टँड बनवून घेतला, टोक त्याला बांधलं आणि गजकुमारला सांगितलं, तुम्ही आपले गाडीत बसा, तुमचं वजन सीटवर असलं की माप खरं येतं. ते खोटंही नव्हतं. तो मुकाट्यानं गाडीत जाऊन बसला, आणि दोरा चिडीचूप उभा राहिला. आपण त्या दिवशी काय करून बसलो, हे तिला पुढे फार महागात पडून कळलं.

गजकुमार आठवडाभर शाळेची बस चालवायचा. बेचाळीस मुलं, पंचगंगेचा पूल, रोजचा रस्ता, चाळीसच्या आतला वेग. दर दोन महिन्यांनी एका रविवारी तो स्वतःची जुनी पेट्रोलवरची गाडी, तिला सगळे 'तांबडी' म्हणत, हातकणंगल्याच्या पुढच्या बंद सूतगिरणीवर घेऊन जायचा. गिरणीच्या काँक्रीटच्या प्रशस्त पटांगणात क्लबवाले प्लास्टिकचे कोन मांडून वेडावाकडा मार्ग आखत. एका वेळी एकच गाडी, शर्यत फक्त घड्याळाशी. कोनाला धक्का लागला की दोन सेकंद वाढायचे. कुणाचं यावर पोट नव्हतं. शिक्षक, कारखानदार, औषधवाले, सगळे हौशे. बावीस वर्षं गजकुमार शेवटून दुसरा नाहीतर तिसरा यायचा आणि सगळ्यांत खूश होऊन घरी जायचा.

सुटायच्या आधी तो काच खाली करून बायकोला एकच शब्द विचारायचा.

"दोरा?"

"सरळ," ती म्हणायची. मगच तो गाडी गिअरमध्ये टाकायचा.

मग डबी आली. आणली क्लबच्या सेक्रेटरीनं, इलाही शिकलगारनं. उद्यमनगरात त्याचं इलेक्ट्रॉनिक्सचं वर्कशॉप होतं आणि नवीन काही दिसलं की त्याला राहवत नसे. डबी तशी लहान, जेवणाच्या डब्याएवढी, चालकाच्या सीटखाली बसायची. तिच्यासोबत चाकांचे धक्के गिळणारे चार नवे शॉकअप आले. त्यांच्यातल्या तेलात लोखंडाची पिठासारखी भुकटी मिसळलेली. भोवतालच्या तारेत वीज सोडली की चुंबकाच्या ओढीनं ती भुकटी रांगा धरते आणि तेल डोळ्याचं पातं लवायच्या आत घट्ट होतं; वीज बंद, की पुन्हा पातळ. म्हणजे चारही चाकांचा कडकपणा सेकंदात शेकडो वेळा बदलता येतो. मागच्या चाकांना दोन छोट्या मोटरी. त्या चालत्या गाडीत चाकाचं तोंड एक अंशापर्यंत आत-बाहेर फिरवत.

खरी करामत याच्या पुढची. डबी चालकाला शिकायची. त्याचा हात स्टेअरिंगवर किती जोर लावतो, वळण दिसल्यापासून हात फिरेपर्यंत किती वेळ जातो, कुठे घाबरून पाय उचलतो, हे सगळं ती सेकंदाला हजार वेळा टिपायची. चार-पाच रविवारांत तिला त्या माणसाची चूक त्याच्या आधी कळू लागायची, आणि ती चूक व्हायच्या आत मागची चाकं हळूच वळवून ती सांधून टाकायची. चालकाला यातलं काही कळत नसे. त्याला वाटे, आज आपला हात बसला.

गजकुमार पहिल्याच वर्षी सहावा आला, दुसऱ्या वर्षी दुसरा. यंदा आतापर्यंतच्या पाच फेऱ्यांपैकी तीन त्यानं जिंकल्या होत्या. बक्षिसाचे स्टीलचे तांबे तो बसच्या डॅशबोर्डवर आणून ठेवायचा आणि मुलांना दाखवायचा.

राजमतीला पहिला संशय टायरांनी दिला. मागच्या दोन्ही टायरांच्या आतल्या कडा रंधा मारल्यासारख्या सोलून निघाल्या होत्या. तिनं दोरा लावला, चाकं सरळ होती. पुढच्या फेरीनंतर पुन्हा तेच. उभ्या गाडीत सरळ असलेलं चाक धावताना कुणीतरी वाकडं करत होतं, आणि दर फेरीला जास्त वाकडं करत होतं. तिनं टायर रिक्षात टाकले आणि तडक उद्यमनगर गाठलं.

इलाहीनं डबीची नोंद संगणकावर काढली. दोन रेघा होत्या. वळण दिसल्यापासून हात फिरेपर्यंतचा वेळ पहिल्या महिन्यात पाव सेकंदापेक्षा कमी होता; आता तो अर्ध्या सेकंदाला टेकला होता. दुसरी रेघ बारीक, सुताच्या गुंत्यासारखी. उजवा हात सेकंदाला पाच वेळा थरथरत होता. डबीनं ती थरथर पहिल्याच महिन्यात ओळखली होती, रस्त्याचा खडखडाट समजून वेगळी काढली होती आणि स्टेअरिंगपासून चाकापर्यंत कधी पोचूच दिली नव्हती.

"तुम्हाला हे दिसलं न्हाई, भावजी?" राजमतीनं विचारलं.

"दिसलं की, वहिनी. पण मला वाटलं डबी झकास काम करायलीय." इलाहीनं नजर चुकवली. "तिला माणूस आजारी हाय का म्हातारा, ते कळत न्हाई. हात उशिरा येतोय, तर चाक आधी वळवायचं, एवढंच तिला कळतंय."

रेघांच्या खाली एक आकडा होता. चौऱ्याण्णव. तो काय आहे, हे तिनं विचारलं. इलाही म्हणाला, मोटरींना एक अंशाचाच वाव, तेलही एका मर्यादेपर्यंतच घट्ट होतं. त्या सगळ्या वावातला चौऱ्याण्णव टक्के अण्णांसाठी, म्हणजे गजकुमारसाठी, वापरून झाला आहे.

"आणि शंभर झाले की?"

इलाहीनं त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"मग पुढं अण्णांचेच हात," तो म्हणाला.

तिनं डबी बंद करायला सांगितली. ते त्याच्या हातात नव्हतं. गाडीच्या मालकाच्या अंगठ्याच्या ठशाशिवाय डबी बंद होत नसे, आणि मालक तिला फक्त अगरबत्ती ओवाळायचा बाकी होता.

घरी येईपर्यंत राजमतीला एकेक गोष्ट आठवत गेली. बसच्या नोंदवहीतली नवऱ्याची सही गेल्या वर्षी मुंगीएवढी बारीक झाली होती. सदऱ्याची बटणं लावायला त्याला वेळ लागायचा, म्हणून त्यानं टी-शर्ट घालायला सुरुवात केली होती. चालताना उजवी चप्पल घासायची आणि उजवा हात हलायचा नाही. हे सगळं तिनं पाहिलं होतं. पण दर वेळी वाटायचं, ज्या माणसाचे हात कोनांमधून गाडी अशी काढतात, त्या हातांना काय होणार? डबीनं फक्त गाडीच सांभाळली नव्हती, बघणाऱ्यांचे डोळेही झाकले होते. माणूस एरवी हळूहळू उतरतो, ठेचकाळतो, सावध होतो. इथे तो उतारच कुणी जाणवू दिला नव्हता.

तिनं त्याचा चालतानाचा व्हिडिओ काढला आणि मेंदूच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी कंपवाताची दाट शंका सांगितली. घाबरू नका, म्हणाले, आता औषधं चांगली आहेत, पुष्कळ वर्षं नीट जातात. मात्र त्यांना घेऊन या, आणि तोवर मुलांची बस नको.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. टायर, रेघा, चौऱ्याण्णव, डॉक्टर. गजकुमारनं शांतपणे ऐकून घेतलं. मग पोह्यांची बशी बाजूला सारून दोन्ही हात तिच्यासमोर सरळ धरले. हात दगडासारखे स्थिर होते. चार-पाच सेकंद धरले, आणि चहाचा कप उचलला.

"बघितलंस?"

"पण डॉक्टर म्हणायलेत..."

"बावीस वर्षं शेवटून दुसरा आलो, तवा कधी म्हणाली न्हाईस डॉक्टरकडं चला." त्याचा आवाज चढला नाही, म्हणून तिला ते जास्त लागलं. "आता कुठं चार माणसं नाव घ्यायलीत. तुला ती डबी पहिल्या दिवसापासून खुपायलीय, राजमती. तुझ्या दोऱ्याचं काम ती करायलीय म्हणून."

यात थोडं खरंही होतं. तिला ती खुपत होतीच. त्यामुळे ती गप्प बसली, आणि एकदा गप्प बसल्यावर पुन्हा तोंड उघडणं जमेना.

त्या आठवड्यात तिनं शाळेचा नंबर तीनदा लावला आणि पलीकडे घंटी वाजायच्या आत बंद केला. एकोणतीस वर्षं नोकरी, कधी साधा ओरखडा नाही. त्याच्या पाठीमागे हे केलं तर तो जन्मभर विसरणार नाही. आणि नाही केलं, एखाद्या सकाळी पुलावर म्हैस आडवी आली, तर बसमध्ये डबी नाही. रोज सकाळी बस गल्लीतून वळून गेली की ती दारात उभी राहायची, आणि सव्वानऊला त्याचा 'पोचलो' असा निरोप येईपर्यंत तिला घोटभर पाणी जात नसे. चौथ्या दिवशी निरोप वीस मिनिटं उशिरा आला. कारण साधं होतं, रस्त्यावर वाहतूक अडकली होती. पण त्या वीस मिनिटांत तिनं मनात काय काय पाहिलं, ते तिनं पुढे कुणालाही सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी तांबडी दोऱ्यावर आली. दुसऱ्या दिवशी शेवटची फेरी होती. गजकुमार नेहमीसारखा सीटवर जाऊन बसला आणि डोळे मिटून घेतले. राजमती मागच्या चाकापाशी बसली, पान्हा लावला आणि चाकाचं तोंड तीन मिलिमीटर बाहेर काढलं. मग दुसऱ्या चाकाचं, तेवढंच.

तिचा हिशेब असा होता. चाकं मुळातच वाकडी असली की गाडी सरळ ठेवण्यातच डबीचा उरलेला वाव संपून जाईल. रविवारी आधी सगळ्या गाड्या मार्ग बघायला एक सावकाश चक्कर मारतात. त्या चकरेतच गाडी डुलेल, हातांचं खरं काय ते त्याला स्वतःला कळेल, आणि तो शिव्या घालत गाडी बाजूला घेईल. तिला शिव्या घालेल, तिच्या दोऱ्याला घालेल. घालू दे.

काम झाल्यावर तिनं रिवाजाप्रमाणे गाडी दहा फूट पुढे-मागे ढकलून पाहिली. चाकं सरळ करणारा प्रत्येक जण हेच करतो. त्यांचा सगळा धंदा ढकलण्याच्या वेगाचा. त्या वेगात जे दिसतं ते खरं, असं त्यांना आयुष्यभर वाटत असतं. राजमतीची चूक झाली ती इथे.

तिनं लावलेला दोरा आजवर कुणी पुन्हा तपासला नव्हता. गजकुमारनं डोळे उघडले आणि झालं का म्हणून विचारलं. ती झालं म्हणाली.

रविवारी सकाळी गिरणीच्या पटांगणात ऊन कडक होतं. सावकाश चक्कर झाली. तांबडी एका रेषेत गेली आणि एका रेषेत परत आली. राजमती बघतच राहिली. इलाहीला तिनं सहज विचारल्यासारखं करून विचारलं, तेव्हा कळलं की ताशी तीसच्या खाली डबी झोपलेलीच असते, आणि तेवढ्या वेगात चाकांची तोंडं आत असोत की बाहेर, हाताला काही जाणवत नाही.

तोवर तांबडी सुटायच्या रेघेवर उभी होती. काच खाली आली.

"दोरा?"

बाकी सगळ्या गाड्यांचं धावून झालं होतं, चारी बाजूंनी माणसं बघत होती. पहिल्याच कोनाला कळेल, तिथे वेग कमी असतो, असं तिनं स्वतःला समजावलं.

"सरळ," ती म्हणाली. इतक्या वर्षांत या प्रश्नाला ती पहिल्यांदा खोटं बोलली होती.

तांबडी सुटली. मागच्या चाकांची तोंडं बाहेर असली की गाडीचं शेपूट चटकन फिरतं, हे राजमतीला पक्कं ठाऊक होतं. घसरायच्या आत कुणी सावरणारं असेल तर अशी गाडी नेहमीपेक्षा वेगानं वळते, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं. सावरायला डबी होती. तिनं उरलासुरला वाव पणाला लावला आणि तांबडीनं अख्खा मार्ग एक्कावन्न सेकंदांत कापला. पटांगणात आजवर एवढा कमी वेळ कुणीच घेतला नव्हता. माणसं शिट्ट्या वाजवायला लागली. इलाही धावत संगणकापाशी गेला, आणि मग त्यानं राजमतीकडे पाहिलं. आकडा शंभर होता.

नियमाप्रमाणे प्रत्येकाला दोनदा धावायला मिळायचं. पहिला आलेला दुसऱ्या खेपेला सगळ्यांत आधी सुटतो. तांबडी वळून पुन्हा रेघेवर आली होती. राजमती कोन ओलांडत, झेंडेवाल्याला ढकलून खिडकीशी पोचली. तिला धाप लागली होती. गजकुमारनं हेल्मेटची काच वर केली. त्याचं तोंड आनंदानं फुलून आलं होतं.

"दोरा?"

"वाकडा हाय. मी वाकडा लावलाय. उतरा खाली."

तो मोठ्यानं हसला. असा वाकडा रोज लावत जा, म्हणाला, आणि काच खाली ओढली. तिनं दाराचा खटका धरला, पण शर्यतीत दार आतून बांधलेलं असतं. झेंडा पडला, आणि दार तिच्या हातातून निसटून गेलं.

सहा कोन गाडी नीट गेली. सातव्याला शेपूट सुटलं. राजमतीला खिडकीतून त्याचे हात दिसले. हात वळले, बरोबर त्याच बाजूला वळले जिकडे वळायला हवे होते, पण तोवर सगळं होऊन गेलं होतं. तांबडी आडवी होऊन पटांगण ओलांडत गेली आणि गठ्ठे चढवायच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर डाव्या अंगानं आदळली.

गजकुमार जगला. गळ्याचं डावं हाड मोडलं, दोन बरगड्या तडकल्या. दोन दिवस तो गुंगीत होता. राजमती खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. हा शुद्धीवर आला की विचारणार. सरळ म्हटलं, तर तो समजेल की हातांनी दगा दिला, मग बस सोडेल आणि औषध घेईल. पण मग हे त्याला आपण खोटं बोलून समजावलेलं असेल, आणि गाडी चौथऱ्यावर घालणारा हात आपला, हे आयुष्यभर पोटात ठेवावं लागेल. वाकडा म्हटलं, तर ते खरं. पण त्या खऱ्यातून तो नेमका खोटा अर्थ काढेल. दोघांचीही चूक एकाच वेळी खरी असू शकते, हे दुखणाईत माणसाला कसं सांगायचं, तिला कळत नव्हतं.

बुधवारी सकाळी इलाही येऊन गेला. तो नुसता पायाशी उभा राहून रडला. तो गेल्यावर गजकुमारनं मान तिच्याकडे वळवली.

"दोरा?"

राजमतीनं पदर तोंडाला लावला आणि पुन्हा खाली केला.

"वाकडा होता. मागची दोन्ही चाकं, तीन-तीन मिलिमीटर बाहेर. मी लावला. मुद्दाम."

का, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. तुम्हाला सावकाश कळावं म्हणून केलं, असं होईल हे मला कळलं नाही. तो रागावेल, हाकलून देईल, असं तिला वाटत होतं. तसं झालं नाही. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं. नेमकं हेच होणार हे तिला दोन दिवस माहीत होतं.

"म्हणजे दोराच वाकडा होता," तो म्हणाला. "माझे हात न्हवं."

"अहो..."

"महिन्यात हाड जुळतंय. शाळेला सांग, एक तारखेपासून बसवर येतोय. तुझ्यावर माझा राग न्हाई, राजमती. आता गप बस."

ती गप्प बसली नाही. पिशवीतून तिनं दोऱ्याचं रीळ काढलं. घरून निघतानाच ठेवलं होतं. दोऱ्याचं एक टोक खिडकीच्या गजाला पक्कं बांधलं, म्हणजे दोरा हलला तर तुझाच हात हलतोय असं त्याला म्हणता येऊ नये. दुसरं टोक तिनं त्याच्या उजव्या हातात दिलं. तीनेक वर्षांनी ते टोक त्याच्या हातात आलं होतं.

"ताणून धरा," ती म्हणाली. "माप घेताना धरायचा तसं."

त्यानं धरलं. दोरा खिडकीपासून खाटेपर्यंत सरळ उभा राहिला, जराही हलेना. त्यानं भुवया उंचावून तिच्याकडे पाहिलं, त्या दिवशी न्याहारीला पाहिलं होतं तसंच, आणि टोक सोडायला बोटं सैल केली.

"सोडू नका. धरून ठेवा."

या आजाराची थरथर लबाड असते, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. हात उचलला की ती दडते, आणि हात तसाच धरून ठेवला की दहा-बारा सेकंदांनी परत येते. राजमती मनात आकडे मोजत होती. आठ झाले. नऊ, दहा. गजकुमार हसत होता. अकराव्याला दोऱ्याच्या मध्यावर एक बारीक शहारा आला. मग दुसरा आला, आणि मग सगळा दोरा थरथरू लागला. वेग तोच, संगणकावरच्या रेघेतला, सेकंदाला पाच.

त्यानं अंगठा दाबला. थरथर वाढली. त्यानं मूठ आवळली, श्वास रोखला, दुखऱ्या खांद्यानिशी उठून बसायला गेला आणि कळ येऊन पुन्हा टेकला. त्यानं वर छताकडे पाहिलं.

"पंखा बंद कर."

राजमती उठली आणि तिनं बटण दाबलं. पाती सावकाश होत गेली, एकेक वेगळं दिसू लागलं आणि शेवटी थांबलं. दोरा थांबला नाही.

दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी नर्सला हाक मारत होतं.

"तू टोक स्टँडला बांधलंस," गजकुमार म्हणाला, "तवा मला वाटलं, तुला माझी बडबड नकोशी झाली."

मला दोरा सरळ हवा होता, एवढंच ती बोलू शकली. दोऱ्यावरची नजर त्यानं काढली नाही. त्याच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं आणि पुसायला दुसरा हात झोळीत होता. तिनं पदरानं ते पुसलं.

"शाळेत फोन तू कर," तो म्हणाला. "मला जमायचं न्हाई."

तिनं तिथेच बसून फोन लावला. या वेळी पलीकडे घंटी वाजू दिली. मुख्याध्यापिका बोलायला लागल्या तेव्हा तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या हातातलं टोक तसंच होतं, आणि तो ते सोडत नव्हता.